दुसऱ्या खुर्चीतला माणूस

विमानाला अपघात झाला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात दोन शब्द हमखास वाचायला मिळतात : ‘वैमानिकाची चूक’. वाचक उसासा टाकतो, पान उलटतो आणि प्रकरण त्याच्यापुरते मिटते. चूक करणारा बहुधा हयात नसतो, त्यामुळे त्याचे उत्तरही कोणी ऐकत नाही. मला मात्र या दोन शब्दांविषयी बऱ्याच दिवसांपासून एक शंका आहे. मोठ्या प्रवासी विमानात वैमानिक एकटा कधीच नसतो. कॉकपिटमध्ये दोन खुर्च्या असतात, दोन शिकलेली माणसे असतात आणि दोघांसमोर उंची, वेग व दिशा दाखवणारी तीच उपकरणे असतात. मग एकाच्या हातून चूक घडत असताना दुसरा काय करीत होता?

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. विमानात आजवर बसलेलो नाही. सांबऱ्याहून उडणारी विमाने खालून पाहिली, एवढाच माझा विमानांशी संबंध. तरीही या विषयावर लिहिण्याचे धाडस करतो, कारण हा प्रश्न मला आमच्या अभ्यासक्रमातला वाटतो. ऑडिटिंगच्या पुस्तकात ‘अंतर्गत तपासणी’ नावाचे एक प्रकरण असते. त्याचे सार असे की कोणताही व्यवहार आरंभापासून शेवटपर्यंत एकाच माणसाच्या हाती राहू नये. एकाचे काम दुसऱ्याच्या नजरेखालून आपोआप जावे. पैसे घेणारा वेगळा, खतावणीत नोंद करणारा वेगळा. कॉकपिटमधल्या दोन खुर्च्या याच तत्त्वावर मांडलेल्या आहेत. एक वैमानिक विमान चालवतो, दुसरा त्याच्या कामावर लक्ष ठेवतो. फरक इतकाच की ऑडिटर वर्ष संपल्यावर येतो, आणि या दुसऱ्या वैमानिकाला नोंद लिहिली जात असतानाच तपासावी लागते. चुकीची नोंद लाल शाईने दुरुस्त करायला त्याला उद्याचा दिवस मिळत नाही.

ही तपासणी सर्वांत जास्त कधी लागते? विमान खाली उतरू लागते तेव्हा. आकाशात तीस-पस्तीस हजार फुटांवर विमान सरळ चालले असताना विचार करायला वेळ असतो. उतार सुरू झाला की सगळेच एकदम बदलू लागते : उंची, वेग, इंजिनाची ताकद, पंखांच्या फळ्या, चाके, नियंत्रण कक्षाच्या सूचना. याचे एक साधे त्रैराशिक वैमानिकांना पाठ असते. दर हजार फूट खाली येण्यासाठी साधारण ३ नाविक मैलांचे अंतर लागते. म्हणजे ३०,००० फुटांवरून उतरायचे तर सुमारे ९० मैल आधी सुरुवात हवी. शेवटचे हजार फूट तर सव्वा-दीड मिनिटात संपतात. त्या सव्वा मिनिटात झालेली चूक ओळखायची, बोलून दाखवायची आणि सुधारायची असते. म्हणून जगभर असा दंडक आहे की ठरावीक उंचीवर, ढगाळ हवेत बहुधा हजार फुटांवर, विमानाचा वेग, उताराचा कोन, चाके, फळ्या सगळे जागच्या जागी असले पाहिजे. तसे नसेल तर उतरायचा हट्ट सोडायचा, इंजिनाला जोर द्यायचा आणि पुन्हा वर जायचे. याला ‘गो अराउंड’ म्हणतात. त्यात नामुष्की काही नाही. इंधन थोडे जास्त जळते आणि दहा-पंधरा मिनिटे उशीर होतो, इतकेच.

इतका सरळ नियम असूनही माणसे का मरतात, हे पाहण्यासाठी काही जुनी प्रकरणे तपासली पाहिजेत.

२९ डिसेंबर १९७२ च्या रात्री ईस्टर्न एअर लाइन्सचे न्यूयॉर्कहून आलेले विमान मायामीला उतरत होते. पुढचे चाक बाहेर आल्याची खूण देणारा छोटा दिवा लागेना. विमान २,००० फुटांवर नेऊन ऑटोपायलटच्या स्वाधीन केले आणि कॉकपिटमधली सगळी मंडळी त्या दिव्याच्या मागे लागली. एक जण तर चाक प्रत्यक्ष दिसते का हे पाहायला खालच्या कप्प्यात उतरला. त्या गडबडीत उंची धरून ठेवणारी ऑटोपायलटची व्यवस्था सुटली, बहुधा दांड्याला धक्का लागून, आणि विमान हळूहळू खाली येऊ लागले. उंची सुटल्याची सूचना देणारा एक बारीकसा घंटानाद झाला, तो कोणाच्या ध्यानी आला नाही. नियंत्रकाला रडारवर उंची कमी दिसली. त्याने काय चालले आहे अशी मोघम चौकशी केली, उंचीचे नाव काढले नाही. एव्हरग्लेड्सच्या दलदलीत विमान कोसळले. १७६ पैकी १०१ माणसे दगावली. पुढे चौकशीत निघाले की चाक व्यवस्थित बाहेर आलेले होते. बिघडला होता तो फक्त दिवा. एवढी माणसे हजर असताना विमान चालवायला, निदान त्याच्याकडे पाहायला, कोणीच उरले नव्हते.

११ सप्टेंबर १९७४ ला त्याच कंपनीचे दुसरे विमान शार्लट शहराजवळ धुक्यात उतरताना पडले. ८२ पैकी ७२ जण मेले. ध्वनिमुद्रणात ऐकू आले की उतरताना दोघे वैमानिक राजकारणापासून जुन्या मोटारींपर्यंत गप्पा मारीत होते. उंचीचा हिशेब कोणाकडेच नव्हता. अशा प्रकारांनंतर अमेरिकेत १९८१ मध्ये नियम झाला की १०,००० फुटांखाली कॉकपिटमध्ये कामाखेरीज एक अवाक्षर बोलायचे नाही.

यावर कोणी म्हणेल की हे निष्काळजी लोक होते. मग २८ डिसेंबर १९७८ चे पोर्टलंडचे प्रकरण पाहा. युनायटेड कंपनीच्या विमानाच्या चाकात बिघाड वाटला म्हणून कप्तान सुमारे तासभर घिरट्या घालीत तयारी करीत राहिला. माणूस अनुभवी, प्रवाशांची काळजी वाहणारा. इंधन संपत चालले होते. सहकाऱ्यांनी ते सांगितलेही, पण आडून आडून, सुचवल्यासारखे. ‘साहेब, आता उतरले नाही तर इंजिने बंद पडतील,’ असे रोखठोक वाक्य वेळेवर कोणाच्या तोंडून निघाले नाही. इंजिने बंद पडली आणि १० जीव गेले. या अपघाताच्या चौकशीनंतर वैमानिकांच्या शिक्षणात एक नवा विषय आला. १९७९ मध्ये नासाने त्यावर परिषद भरवली आणि १९८१ मध्ये युनायटेडने आपल्या वैमानिकांना तो शिकवायला सुरुवात केली. कप्तानाने ऐकायला शिकावे आणि हाताखालच्याने बोलायला शिकावे, हा त्या विषयाचा गाभा.

येथे मी मुद्दाम अमेरिकेची उदाहरणे आधी घेतली आहेत. आपल्याकडे एक सोपे स्पष्टीकरण फार लोकप्रिय आहे : आपण पौर्वात्य लोक, वडीलधाऱ्यांपुढे मान वर न करणारे, म्हणून आपल्याकडे असे घडते. मला हे मान्य नाही. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९७८ ते १९९० या काळात तिथल्या कंपन्यांच्या विमानांना झालेले, वैमानिकांच्या चुकांशी संबंधित असे ३७ मोठे अपघात त्यांनी तपासले. ३७ पैकी ३१ अपघातांत लक्ष ठेवण्याचे किंवा टोकण्याचे काम नीट झालेले नव्हते. आणि ८० टक्क्यांहून अधिक अपघातांत विमान कप्तानाच्या हाती होते.

वाचकांनी या शेवटच्या आकड्यापाशी क्षणभर थांबावे. कप्तान आणि सहवैमानिक सामान्यतः आलटून पालटून विमान चालवतात. कप्तान अधिक अनुभवी. मग त्याच्या हाती असतानाच अपघात जास्त का? माझ्या मते उत्तर हिशेबाइतके साधे आहे. सहवैमानिक चालवीत असतो तेव्हा कप्तान त्याला बिनदिक्कत टोकतो, म्हणजे तपासणी चालू असते. कप्तान चालवीत असतो तेव्हा तपासणारा कनिष्ठ असतो, आणि तो गिळून गप्प बसतो. खातेवही सर्वांत हुशार माणसाच्या हाती असते, त्याच वेळी ती न तपासता पुढे जाते. हे जर अमेरिकेत घडत असेल तर दोष कोणत्या एका संस्कृतीचा नाही. दोष वरची आणि खालची खुर्ची या मांडणीचाच आहे. आपल्या संस्कारांनी त्यात भर घातली असेल, पण ‘आम्ही असेच’ म्हणून हात झटकण्याची सोय त्याने होत नाही.

आता आपल्या घरातली प्रकरणे. कर्नाटकात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ती दूरची नाहीत.

१४ फेब्रुवारी १९९० ला इंडियन एअरलाइन्सचे मुंबईहून आलेले एअरबस ए-३२० विमान बंगळूरच्या धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानात पडले. १४६ पैकी ९२ माणसे गेली. विमान नवे कोरे होते. त्याच्या दोन्ही खुर्च्यांवर कप्तान दर्जाचे वैमानिक होते. एक दुसऱ्याची परीक्षा घेत होता. उतरताना विमानाची स्वयंचलित यंत्रणा अशा अवस्थेत गेली की इंजिने मंद चालत राहिली आणि विमानाचा वेग घटत गेला. वेगाचा आकडा दोघांच्याही समोर होता. इंजिन वेग सांभाळील या भरवशावर त्याकडे कोणाची नजर वेळेवर गेली नाही. ज्यांना वाटते की आता संगणक आले, माणसाने लक्ष ठेवण्याची गरज संपली, त्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. यंत्राला सांगितले ते यंत्र इमानाने करते. आपण त्याला काय सांगितले आहे, हे पाहणारा मात्र माणूसच लागतो. २० डिसेंबर १९९५ ला कोलंबियातील काली शहराकडे उतरणाऱ्या अमेरिकन एअरलाइन्सच्या विमानाचे असेच झाले. घाईघाईत संगणकात एक अक्षर टाकले आणि यंत्राने त्याच अक्षराचा भलताच, बोगोटाजवळचा, दीपस्तंभ निवडला. विमान वळले, तेव्हा ते का वळते आहे हे दोघांपैकी एकानेही आधी पडताळले नव्हते. डोंगरावर आदळून १५९ माणसे मेली.

आणि मंगळूर. २२ मे २०१० ची पहाट. दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोइंग विमान, आत १६६ माणसे. आखातात राबून घरी परतणारे कारवारपासून कासरगोडपर्यंतच्या किनाऱ्यावरचे कितीतरी लोक त्या मार्गावर प्रवास करतात. रात्रीच्या प्रवासात कप्तान बराच वेळ झोपलेला होता; सव्वादोन तासांहून थोड्या कमी ध्वनिमुद्रणातल्या पहिल्या एक तास चाळीस मिनिटांत कॉकपिटमध्ये दोघांचे संभाषणच नाही. मंगळूरचे रडार त्या दिवसांत बंद होते, त्यामुळे उतार उशिरा सुरू झाला, ३७,००० फुटांवरून, सुमारे ७७ मैलांवर. वरचे त्रैराशिक लावून पाहा : ३७ त्रिक १११. चौतीस मैलांची तूट. तीव्र उतार करून अशी तूट भरून काढता येते, पण त्यासाठी दोघांनी मिळून आधी हिशेब मांडायला हवा. तो मांडला गेला नाही. धावपट्टी समोर आली तेव्हा विमान योग्य उंचीच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर होते. कप्तानाने नाक खाली घातले. जमीन जवळ येत असल्याचे इशारे यंत्र पुन्हा पुन्हा देत होते. सहवैमानिकाने तीन वेळा ‘गो अराउंड’ असे सांगितले. विमान उतरले ते ८,०३३ फुटांच्या धावपट्टीवर जवळजवळ ५,२०० फूट पुढे. पठारावरची धावपट्टी, पलीकडे दरी. १५८ माणसे गेली, ८ वाचली.

एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. कप्तानाचा हट्ट, झोपेतून उठल्यावरची सुस्ती, अशी कारणे त्या अहवालात आहेतच. पण त्यातील एक निष्कर्ष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सहवैमानिकाने वारंवार सांगितले, पण विमान आपल्या हाती घेतले नाही. आणि याचे संभाव्य कारण अहवालाने असे दिले की सहवैमानिकाला स्वतः ‘गो अराउंड’ करण्याचा अधिकार आहे की नाही याविषयी निरनिराळ्या सूचनांमध्ये संदिग्धता होती.

म्हणजे पाहा, तो माणूस गप्प बसलेला नव्हता. पोर्टलंडच्या सहकाऱ्यांसारखा आडून बोलणाराही नव्हता. त्याने योग्य शब्द, योग्य वेळी, तीनदा उच्चारले. ‘बोलायला शिका’ हा धडा त्याने गिरवला होता. कमी पडला तो पुढचा धडा : बोलून ऐकले नाही तर काय? त्याचे उत्तर नियमात ठळक लिहिलेले नव्हते, आणि ते त्याने दरीच्या काठावर, काही सेकंदांत, आपल्या साहेबाच्या विरुद्ध स्वतः शोधावे अशी अपेक्षा होती. ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० रोजी, कोळिक्कोडला तेच पुन्हा घडले. तीच कंपनी, पुन्हा दुबईहून येणारे विमान, पुन्हा पठारावरची धावपट्टी, वर पाऊस आणि पाठीमागून वारा. ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर विमान जवळजवळ अर्ध्यावर टेकले. चौकशी अहवाल म्हणतो, सहवैमानिकाने ‘गो अराउंड’ म्हटले होते, पण नियंत्रण हाती घेतले नाही. दोघांसह २१ जण गेले. कप्तान मराठी होता, हवाई दलात नाव कमावलेला. आपल्याकडे त्या वेळी दोन तट पडले. काहींनी त्याला वीर ठरवले, काहींनी गुन्हेगार. दोन्ही तटांना त्या दुसऱ्या खुर्चीची आठवण झाली नाही. एवढा मोठा, अनुभवी, मान्यवर माणूस शेजारी बसलेला असताना तरुण सहवैमानिकाने त्याच्या हातून विमान काढून घ्यायचे, ही कल्पना करून पाहा. कप्तान जितका थोर, तितके ते अवघड. म्हणूनच मी म्हणतो की थोर माणसाला अधिक मजबूत तपासणी लागते, आणि तिची व्यवस्था त्या थोर माणसाच्या मर्जीवर सोडता येत नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. आमच्या एका प्राध्यापकांनी तो माझ्यापुढे मांडला. विमान म्हणजे नगरपालिकेची सभा नव्हे. संकटात हुकूम एकाचाच चालला पाहिजे. दोघे दांड्यासाठी झगडू लागले तर विमान हमखास पडेल. हे खरे आहे, आणि कप्तानाचे पद काढून टाकावे असे मी म्हणतही नाही. पण अधिकार आणि नकाराधिकार यांत फरक आहे. बँकेच्या शाखेत सर्वाधिकार शाखाधिकाऱ्याला असतात, तरीही तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात. दुसरी किल्ली असलेला कारकून शाखाधिकारी होत नाही. फक्त त्याच्यावाचून तिजोरी उघडत नाही. सहवैमानिकाला द्यायचा आहे तो एवढाच, एकाच दिशेचा अधिकार. त्याने ‘उतरा’ म्हणून हट्ट धरू नये. पण त्याने ‘नको’ म्हटले की उतरणे थांबले पाहिजे. ‘नको’ म्हणण्यात तो चुकला तर पंधरा मिनिटे वाया जातील. ‘हो’ म्हणण्यात कप्तान चुकला तर काय होते ते वर सांगितलेच आहे. या जमाखर्चात कोणत्या बाजूला झुकावे हे सांगायला पदवी लागत नाही.

यासाठी काय करावे? माझ्या अल्प बुद्धीप्रमाणे तीन गोष्टी.

पहिली, नियम निःसंदिग्ध हवा. किती वेळा सांगितल्यावर, कोणत्या उंचीखाली, सहवैमानिकाने नियंत्रण हाती घ्यायचेच, हे एका वाक्यात लिहिलेले हवे. ‘घेऊ शकतो’ असे नको, ‘घेईल’ असे हवे. ‘शकतो’ या शब्दात सगळी जबाबदारी कनिष्ठाच्या धैर्यावर टाकलेली असते. ‘घेईल’ म्हटले की ती नियमावर जाते आणि तो फक्त नियम पाळतो. आणि हा नियम वाचून सोडायचा नाही. प्रशिक्षणाच्या बनावट कॉकपिटमध्ये कप्तानाने मुद्दाम चुकायचे आणि सहवैमानिकाने विमान घ्यायचे, अशी दोघांचीही सवय करवून घेतली पाहिजे.

दुसरी, ‘गो अराउंड’ करणाऱ्याला जाब विचारला जाता कामा नये. ज्या कचेरीत शंका काढणाऱ्याकडे ‘हा कामात खोडा घालतो’ म्हणून पाहतात, तेथे शंका निघणे बंद होते. आमच्याकडच्या एका पतसंस्थेत मी सुट्टीत दोन महिने हिशेब लिहायला जात असे. तेथे व्हाउचरवर ‘तपासणारा’ म्हणून एक रकाना होता. तपासणाऱ्याची सही रोज संध्याकाळी एकदम, गठ्ठा समोर ठेवून, घेतली जाई. एकदा मी एका व्हाउचरची बेरीज चुकल्याचे दाखवले, तेव्हा मला सांगण्यात आले की तुझे काम लिहिण्याचे आहे. बेरीज नंतर दुरुस्त झाली, पण मला त्यातून जे शिकायचे ते मी शिकलो : रकाना छापला म्हणून तपासणी होत नाही. अमेरिकेने या शतकाच्या सुरुवातीला वैमानिकाच्या नावातच बदल केला. पूर्वी ज्याला ‘न चालवणारा वैमानिक’ म्हणत त्याला ‘लक्ष ठेवणारा वैमानिक’ म्हणू लागले. हा बदल मला आवडतो, कारण ‘न चालवणारा’ या नावात काम काहीच नाही. पण नावामागे मान आणि संरक्षण नसेल तर तो आमच्या व्हाउचरवरचा रकानाच ठरेल.

तिसरी, लक्ष ठेवण्याचे काम मोठ्या माणसाने स्वतः करावे. ब्रिटनमध्ये काही कंपन्यांनी खराब हवेसाठी अशी पद्धत बसवली की उतार सहवैमानिकाने चालवायचा, कप्तानाने लक्ष ठेवायचे आणि धावपट्टी दिसल्यावरच विमान हाती घ्यायचे; न दिसल्यास सहवैमानिक वर नेईल. यात हुशारी किती आहे पाहा! अनुभवी डोळा तपासायला बसतो, आणि टोकणे वरून खाली येते, म्हणजे सोपे होते. शिवाय दुसऱ्याचे काम नुसते पाहत बसणे किती अवघड असते, हे कप्तानालाही कळते.

राहता राहिला भाषेचा प्रश्न. मी मराठी शाळेत शिकलो. पेठेतले व्यवहार कन्नडमध्ये करतो. पुष्कळांना वाटते की आपल्या भाषांत ‘आपण’, ‘अहो’, ‘री’ असल्यामुळे आपल्याला वरिष्ठाला तोंडावर सांगता येत नाही. मला उलट वाटते. इंग्रजीत नम्र व्हायचे तर वाक्य गुळमुळीत करावे लागते. आपल्याकडे आदर क्रियापदाच्या शेपटाला लागतो, वाक्याचा कणा ताठ राहतो. ‘थांबवा’ हा पूर्ण आदराचा आणि पूर्ण हुकमाचा शब्द आहे. कन्नडमधले ‘निल्लिस्री’ तसेच. ‘सर, आज उंची जरा जास्तच वाटते, नाही का?’ हे वाक्य नम्र आहे आणि निरुपयोगी आहे. ‘सर, उंची जास्त आहे, वर चला’ हे वाक्यही तितकेच नम्र आहे आणि त्याने जीव वाचू शकतात. तेव्हा दोष भाषेला देऊ नये. भाषेने दार उघडे ठेवले आहे. आत जाण्याची सवय आपल्याला कोणी लावलेली नाही.

ही सवय कुठे लागावी? वैमानिक काही आकाशातून पडत नाहीत. तेही तुमच्या-माझ्यासारखे वर्गात बसलेले असतात. तासाच्या शेवटी ‘काही शंका?’ असे विचारले जाते आणि साठ मुले एकसुरात मान हलवतात. फळ्यावरचा ताळेबंद जुळत नाही हे मागच्या बाकावरच्या तिघांना दिसलेले असते. ते एकमेकांच्या वहीत पाहतात, खात्री करून घेतात आणि घंटा होईपर्यंत गप्प राहतात. यात मी एकट्या विद्यार्थ्यांना दोष देत नाही, एकट्या गुरुजनांनाही नाही. १८९६ च्या किंगस्टन कॉटन मिल खटल्यातील न्यायाधीशांचे मत आम्हाला परीक्षेसाठी पाठ करावे लागते, की ऑडिटर हा राखण करणारा कुत्रा आहे, शिकारी नव्हे. त्यावर मला एवढेच जोडावेसे वाटते की राखणदाराने भुंकावे असे वाटत असेल, तर तो भुंकल्यावर त्याला काठी घालू नये.

आपल्यापैकी फार थोडे जण कॉकपिटमध्ये बसतील. पण दुसऱ्या खुर्चीत प्रत्येक जण केव्हा ना केव्हा बसणार आहे : ऑडिटरच्या हाताखाली, बँकेच्या काउंटरवर, शस्त्रक्रियेच्या टेबलाशेजारी, एखाद्या धरणाच्या नकाशावर दुसरी सही करताना. आणि त्यातले काही जण पुढे पहिल्या खुर्चीतही बसतील. त्यांना माझी विनंती आहे की शेजारच्या तरुणाने ‘साहेब, नको’ म्हटले तर त्याच्याकडे रागाने पाहण्याआधी एकदा उंचीमापकाकडे पाहावे.